दोन छात्यांचं काम

८ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावून घेते. फोन केला की तू ‘हं’, ‘बरं’, ‘बघू’ एवढंच म्हणतोस आणि मग तुला कोणीतरी हाक मारतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला नुसतं ‘हं’ म्हणून सुटका होत नाही.

बाबांची छाती आता साथ देत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला, जसं काही मला त्यातलं कळतं. मला एवढंच कळलं की जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरं दिसतंय. जन्मभर भट्टीसमोर उभं राहून काच फुंकली, त्याचं हे बक्षीस. पुढचा हिवाळा काढतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. काढणार नाहीत असंही म्हणत नाहीत, पण हे बोलताना ते टेबलावरचं पेन सरळ करत बसतात.

त्यात ही फ्लूची साथ. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ‘यांना फ्लू झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही.’ तेव्हापासून मी घराची आणि कारखान्याची नाकेबंदी केली आहे. गिऱ्हाईक फाटकातूनच परत जातं. दाराच्या कड्या, नळाच्या चाव्या, खुर्चीचे हात, सगळं साबणाच्या पाण्याने पुसते. बाबा म्हणतात, ‘आता मलाही पूस आणि कपाटात ठेव.’ आत येतो तो फक्त जाड्या. तो काही बाहेरचा नव्हे. तू निघून गेलास तेव्हापासून भट्टीतून काच उचलायला तोच आहे आणि आता पूर्वीच्या दीडपट झाला आहे.

खरं कारण आता सांगते. बाबांनी मला न विचारता एक काम घेतलंय. एका जुन्या थिएटरच्या जिन्यावर टांगायचा दिव्याचा गोल, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. काम घेतलं आणि रोज जेवताना भिंतीला ऐकवतात, ‘हे काम दोन छात्यांचं आहे.’ जाड्या पहिली फुंक मारतो तेवढीच. पुढची लांब, एकसारखी फुंक त्याला कधी जमली नाही. मला तर फुंकायच्या नळीला तोंड लावायची परवानगीच नव्हती, मुलीने काच घासावी आणि कागदात गुंडाळावी. मग दुसरी छाती कोणाची, हे भिंतीला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तुलाही.

तू यंत्रावरच्या बाटल्यांच्या कारखान्यात गेलास त्या दिवशी बाबा म्हणाले होते, ‘ज्या काचेत कोणाचा श्वास नाही, ती मला दाखवू नकोस.’ आणि तू म्हणाला होतास, ‘ज्या श्वासापायी तुमची छाती गेली, तो मला नको.’ दोघांचंही खरं होतं, म्हणूनच मिटलं नाही. सात वर्षं मी दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. आता पाय भरून आलेत.

ये. ते बोलावणार नाहीत, म्हणून मी बोलावते आहे.

आशीर्वाद.
ताई


१७ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर पोचलं. चारच ओळी, पण त्यात एकही ‘हं’ नाही, म्हणजे प्रगती आहे. ‘येतो. कारखाना साथीमुळे बंदच आहे. पण मीच साथ घेऊन आलो तर?’ हे वाचून मी कितीतरी वेळ चुलीपाशी उभी राहिले. मलाही तीच भीती आहे. तू न येता बाबा गेले तर ते मला जन्मभर पुरेल, आणि तू येण्याने गेले तर तुला. म्हणून आता नीट ऐक. मी तुला बोट धरून आणणार आहे, फक्त बोट पत्रातलं आहे.

पहिली गोष्ट, अंगात जराही कणकण वाटली तर तिकीट फाडून टाक. ताप उतरवायची गोळी घेऊन गाडीत चढणारे महाभाग असतात. स्टेशनवर तपासतात तेव्हा अंग गार, आणि डब्यात शिरले की सगळ्यांना प्रसाद. तसलं काही करायचं नाही. दुपारची रडतखडत जाणारी गाडी घे, तिला गर्दी नसते. खिडकीशी बस आणि काच वर कर. वारा बोचला तर बोचू दे, मफलर आहे ना? मास्क नाकावरून घ्यायचा. नाक उघडं ठेवून मास्क लावणारी माणसं म्हणजे छत्री काखेत धरून भिजणारी. डोळे चोळायची तुझी सवय चार घटका बाजूला ठेव. साबणाची वडी खिशात असू दे, गाडीतल्या बेसिनवर साबणाचं नुसतं रिकामं भांडं असतं. पाणी घरचं, खाणं घरचं, आणि खायच्या आधी हात धुवायचे हे तुला या वयात सांगावं लागतंय. कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत. तुझा स्वभाव बघता हा नियम तुला जड जाणार नाही.

बायकोला आणि बाळाला आणू नकोस. तिला म्हणावं, नणंद कितीही खाष्ट असली तरी हे काळजीपोटी सांगते आहे. तिची नि माझी एकदाच भेट झाली आणि तेव्हाही मी तुझ्यावरचा राग तिच्यावर काढला होता.

आल्यावर बाबांच्या पाया पडायला धावू नकोस. मागच्या दाराने सरळ माल बांधायच्या खोलीत जायचं. खाट टाकून ठेवली आहे. दहा दिवस तिथेच राहायचं, जेवण दाराशी मिळेल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण आपलं तर तोंडच पोळायला नको.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘कोण येतोय?’ मी म्हटलं, ‘तुमची दुसरी छाती.’ दुपारी मी पाहिलं, नळ्या कोपऱ्यातून काढून एकेक घासत बसले होते.

ताई


२७ जानेवारी, दाराखालून

धाकट्या,

कागद उचललास की हात धू. हसू नकोस.

प्रवासात काय काय झालं ते तू दारापलीकडून सांगितलंस, त्याचा मी रात्रंदिवस विचार करत नाही असं नाही. खोकणारं पोर घेऊन ती बाई तुझ्या शेजारी बसली, तिला ऊठ म्हणणं तुला जमलं नाही, आणि पोराला पाणी हवं होतं म्हणून तू आपली बाटली दिलीस. देऊन टाकलीस आणि परत घेतली नाहीस, हे बरं केलंस. मग तहान लागली तर तसाच कोरड्या घशाने आलास. मी असते तर जागा बदलली असती. पण तू आईवर गेला आहेस, मी बाबांवर. तुझा मास्क जागेवर होता, खिडकी उघडी होती. ताप नाही, खोकला नाही. अजून थोडे दिवस कळ काढ.

बाबा कालपासून स्टूल घेऊन तुझ्या दाराबाहेर बसतात, हे तुला ऐकू येतच असेल. मी दुभाष्यासारखी मध्ये उभी. ‘ताई, त्याला विचार, यंत्राची बटणं दाबून हात मऊ पडलेत का?’ मग आतून तू, ‘ताई, त्यांना सांग, पडलेत, पण नळी पडू देणार नाहीत.’ अरे, मधलं दार कागदासारखं आहे! दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतं, तरी माझ्याकडून वदवून घेता. आज संध्याकाळी मी मुद्दाम आत निघून गेले. जरा वेळाने बाबांचा आवाज आला, ‘बाळ कोणावर गेलंय?’ मला न विचारता तुला विचारलं. मी सिंकपाशी उभी राहून भरपूर रडून घेतलं.

जाड्या रोज विचारतो, गोल कधी करायचा म्हणून. त्याला तुझ्यापेक्षा जास्त घाई आहे.

ताई


१० फेब्रुवारी

धाकट्या,

वॉर्डात कोणाला सोडत नाहीत, फोनही आत नेऊ देत नाहीत. पण दारावरच्या सिस्टर भल्या आहेत. पत्र प्लास्टिकच्या पिशवीतून आत नेईन आणि वाचून दाखवीन म्हणाल्या. तुला ऑक्सिजन लावलाय, बोलता येत नाही, तेव्हा निदान आता तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

बाबा बरे आहेत. थोडी सर्दी आहे, बाकी काही नाही. तू त्यांची काळजी करू नकोस. दहा दिवस निभावून, खणखणीत बरा बाहेर आलास, आणि वर हा ताप कुठून उपटला ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जाड्याही दोन दिवस आलेला नाही, अंग ठणकतंय म्हणाला. एवढ्या वजनाची काच उचलल्यावर ठणकणारच.

तुला बरं वाटावं म्हणून गोल केला त्या दिवसाचं लिहिते. तू काच बघत होतास, मी तुम्हाला बघत होते, म्हणून तुला माहीत नसलेलं माझ्याकडे आहे.

जाड्याने भट्टीत नळी घातली, फिरवली, पाकासारखी काच गुंडाळून बाहेर काढली आणि पहिली फुंक मारली. नेहमीसारखे गाल फुगवून, डोळे बाहेर. मग नळी बाबांकडे. बाबांनी तो गोळा लोखंडी पाटावर लोळवला, फुंकला, परत भट्टीत, परत काच, परत फुंक. मी डॉक्टरांचे शब्द मनात घोळवत उभी होते. तिसऱ्या वेळी गोल कलिंगडाएवढा झाला आणि बाबांचा श्वास संपला. मला तो संपताना दिसला. गोल एका अंगाने लोंबायला लागला. आणि बाबांनी मान न वळवता, बाजूला कोण आहे ते न बघता, नळी फक्त तोंडातून काढून डावीकडे धरली. तू लहान होतास तेव्हा धरायचे, अगदी तशी. तू तिथे होतास. त्यांचं तोंड सुटलं तिथे तुझं तोंड लागलं, मध्ये क्षणभरही नळी थांबली नाही. बाबांचा आवाज, ‘हळू... हळू... धर... आता!’ आणि तू ती सात वर्षांची फुंक मारलीस.

खाली लाकडी पळी धरून बाबा गोल सावरत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. गोल निवायच्या पेटीत गेल्यावर ते तुला म्हणाले, ‘जमेल का हे तुझ्या यंत्राला?’ आणि तू म्हणालास, ‘यंत्राला बाबा कुठे असतात?’ सात वर्षं मी दोन्हीकडे समजूत घालत बसले आणि तुम्ही ते एका फुंकेत मिटवलंत. मला थोडा रागही आला.

बरा हो. गोलात एकही बुडबुडा नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

बाबा गेले. काल दुपारी.

सर्दी लिहिली होती, ती सर्दी नव्हती. तू पडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. अँब्युलन्स येते येते म्हणत आलीच नाही. मी त्यांना पाठीशी उशा लावून बसवलं होतं. श्वास घ्यायला त्यांना दोन्ही हात खाटेवर रोवावे लागत होते. दुसऱ्यांच्या काचेत एवढा श्वास भरला आणि स्वतःसाठी चमचाभर उरला नव्हता. शेवटी तुझंच विचारत होते, बरा आहे का म्हणून. मी म्हटलं, आहे. मग त्यांना लांब पिशवीत घालून चेन ओढून नेलं. मला फाटकापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ‘बाहेरून कोण आलं होतं?’ मी म्हटलं, माझा भाऊ. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरजच राहिली नव्हती.

मी तुला काय काय सांगितलं होतं? ती बाई येऊन बसली तेव्हा उठून दुसरीकडे जाता येत नव्हतं? सगळ्या जगाची कणव तुलाच का आली होती? बाटली द्यायची आणि वर मोठ्या तोंडाने ताईला सांगायचं! दहा दिवस खोलीत राहिलो म्हणतोस. खोलीला मागे दार आहे, मला काय माहीत तू कुठे गेलास नि कोणाला भेटलास. डॉक्टर म्हणालेच होते की यांना झाला तर काही हातात राहणार नाही. तू आणलास. सात वर्षं तुला घर आठवलं नाही, आणि आठवलं ते हे द्यायला. तू आला नसतास तर ते आज तुझ्यावर चिडलेले असते, पण असते.

मीच बोलावलं होतं, हे मला माहीत आहे. ते मला सांगू नकोस.

सिस्टर, हे सगळं त्याला वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका.


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी हे ऐक, बाकीचं नंतर. तू आणला नाहीस.

आज सकाळी जाड्या आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. निम्मा झालाय. मला वाटलं, बाबांसाठी रडायला आलाय. तो फाटकाचा गज धरून म्हणाला, ‘ताई, मला आधीच ताप होता.’

मी म्हटलं, ‘कधी आधी?’

‘गोल केला त्याच्या आदल्या दिवशीपासून. गोळ्या घेतल्या, उतरला. सकाळी परत दोन घेतल्या आणि आलो.’

‘आलास? बाबांची छाती तुला माहीत नव्हती?’

‘ताई, साधी कणकण वाटली हो. आणि एवढी वर्षं पहिली फुंक माझी. धाकटा परत आलेला, मालक उभे राहिलेले, एवढा मोठा गोल, आणि त्या दिवशी मी घरी झोपून राहू?’

मी त्याला काहीही बोलले नाही. बोलायची सगळी ताकद मी तुझ्यावर संपवली होती. तो गेल्यावर मी कारखान्यात जाऊन बसले. नळी तशीच, नळ्या टेकवायच्या घोडीवर पडली होती. आणि तेव्हा मला कळलं. जाड्याचं तोंड, मग बाबांचं, मग तुझं. मी ते स्वतः तुला लिहिलं आहे, कौतुकाने, एकापुढे एक लिहिलं आहे, आणि लिहिताना मला काही दिसलं नाही. गाडीची खिडकी मला दिसली, बेसिन दिसलं, परक्या बाईचं पोर दिसलं. कड्या पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली. नळी पुसायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही, ना माझ्या, ना बाबांच्या, ना तुझ्या. काच लागलेली नळी बदलता येत नाही आणि थांबवता येत नाही, ती तोंडातून तोंडातच जाते. आपल्यात कोणी त्याला उष्टं म्हणत नाही. बाहेरून येणाऱ्या रोगाची मी वाट अडवून बसले आणि तो घरात आपल्यादेखत हातोहात फिरला.

कारखान्यात त्या दिवशी चौघं होतो. मला एकटीला काही झालं नाही. मला नळीला तोंड लावू दिलं नाही याचा मी जन्मभर राग धरला होता.

आणि तू खोलीतून कुठेही गेला नव्हतास. मला माहीत होतं. मागच्या दाराला बाहेरून कडी मीच लावत होते. तरी लिहिलं.

ते पत्र परत घेता येत नाही. तू बरा होऊन ये आणि मला हवं ते बोल, सात वर्षं बोलू नकोस, काहीही कर. बाबांना तू मारलं नाहीस. तू त्यांना हवं होतं ते दिलंस. तुझ्या बायकोलाही मी हेच कळवलं आहे आणि तिची माफी मागितली आहे, जुनीही आणि नवीही.

आशीर्वाद. खूप आशीर्वाद.
ताई


१७ फेब्रुवारी

सिस्टर,

काल दारावर तुम्ही म्हणालात की त्याला झोपेचं औषध देऊन मशीनवर ठेवलंय, पत्र आता ऐकणार कोण. तेरा तारखेचं पत्र ऐकल्यावर तो काय म्हणाला, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.’ तुमच्याकडे बोट दाखवत नाही. एक शब्द गाळू नका, असं मीच लिहिलं होतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ऐकू येत असेलही, नसेलही. पुढचं काही विचारू नका, असंही म्हणाले.

कालचं पत्र मोठं आहे. तुमच्याकडे एवढ्या खाटा आहेत, तुम्हाला वेळ नाही. ते वाचू नका, उशाखाली ठेवून द्या. त्याच्या कानाशी वाकून फक्त एवढं म्हणा, ‘तू आणला नाहीस, असं ताईने सांगितलंय.’ मशीनचा आवाज असतो आणि तुमच्या तोंडावर मास्क असतो, तेव्हा जरा मोठ्याने म्हणा. लोक बघतील, बघू देत. एकदा म्हणून झालं की थोड्या वेळाने परत म्हणा. रात्रीच्या सिस्टर येतील त्यांनाही सांगून ठेवा.

खाट नंबर एकवीसची बहीण